आधी एकच वाट पाठ करा

पत्र: नमस्कार. मी धाराशिवला राहतो, वय ४२. बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर गल्ल्यावर बसून. गेल्या महिन्यात तपासणीत साखर काठावर निघाली. गोळी अजून नाही, पण डॉक्टर म्हणाले, अंग हलवा. लेक आठवीत आहे, १३ वर्षांची. तिने मोबाइलवर डोंगरातून सायकल चालवणारी पोरं पाहिली, आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे, ‘पप्पा, आपण पण जंगलात जाऊ.’ माझी आठ वर्षांपूर्वी घेतलेली २१ गिअरची सायकल गच्चीवर पडून आहे. दुकानदार म्हणतो, ती चालणार नाही, चाळीस हजारांची नवी घ्या. रविवारी दोघांनी येडशीच्या रामलिंगच्या जंगलात जावं असं मनात आहे. बायको म्हणते, काटे, साप, बिबट्या, लेकराला घेऊन कशाला तिकडे मरायला जाता? आणि खरं सांगतो, या वयात सायकलवर निघालो तर ओळखीचे लोक काय म्हणतील, हेही मनात येतं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर:

नमस्कार. येडशीचं आधी सांगतो, कारण बेत याच रविवारचा असेल तर तो थांबवायला हवा. रामलिंगाच्या दर्शनाला जरूर जा, पण तिथल्या जंगलात सायकल घालू नका. ते नुसतं रान नाही, १९९७ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे. देवळाची वाट सोडून आत शिरायचं तर वन विभागाची परवानगी लागते, तसा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा नियमच आहे. दुसरं कारण तुमच्या दुकानात चर्चेत आलंच असेल. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. बिबटे त्या भागात आधीपासून आहेतच. आणि सायकलची एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. पायी चालणाऱ्याची चाहूल जनावराला लांबून लागते आणि ते बाजूला होतं. सायकल आवाज न करता, वेगात, वळणावर एकदम समोर उभी राहते. पिलं घेऊन चाललेली रानडुकरीण अशा वेळी पळत नाही, अंगावर येते.

तेव्हा वहिनींची भीती खुळी नाही. मात्र घरी बसणं हा तिच्यावरचा उपाय नाही, जागा बदलणं हा आहे.

आणि जागेला तुमच्याकडे तोटा नाही. धाराशिव बालाघाटाच्या अंगावरच वसलेलं आहे. घरांची शेवटची रांग संपली की मुरमाड माळ लागतो. हातलादेवीच्या डोंगराकडची बाजू आहे, लेण्यांकडे जाताना लागणारा माळ आहे. पण तुमच्यासाठी मी यापेक्षाही चांगली जागा सांगेन, ती म्हणजे पांदण. गाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, कुठे एखादा ओढा आडवा, कुठे दगडगोट्यांचा चढ. नवशिक्याला शिकायला जे जे लागतं ते सगळं चार किलोमीटरच्या पांदणीत सापडतं, आणि पडलात तर हाकेच्या अंतरावर कुणीतरी वावरात असतं. तुमचं तर खताचं दुकान आहे. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला बिल देताना एवढंच विचारा, ‘तुमच्या शिवारातली पांदण कशी आहे हो?’ दहा लोक दहा वाटा सांगतील, आणि त्यातले दोघे-तिघे ‘आमच्याकडे या’ म्हणतील.

त्यातली एकच वाट निवडा. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. सुरुवात करणारे लोक दर रविवारी नवी जागा शोधतात, दर वेळी घाबरतात, दर वेळी काहीतरी वेगळंच चुकतं, आणि तिसऱ्या महिन्यात सायकल परत गच्चीवर जाते. तुम्ही तीन-चार किलोमीटरची एक वाट घ्या आणि ती पाठ होईपर्यंत सोडू नका.

पहिल्या रविवारी ती दोघांनी पायी चाला. सायकल नको. मुरूम कुठे सुटा आहे, गोटे कुठे आहेत, ओढ्याची उतरण किती उभी आहे, काळी माती कुठून सुरू होते, ते बघत जा. कुठल्या वाटेवर बाभळीच्या फांद्यांचं झाप आडवं टाकलंय तेही बघून ठेवा. ते शेतकऱ्याने जनावरं पिकात शिरू नयेत म्हणून टाकलेलं असतं. पलीकडे जायचंच असेल तर त्याला विचारायचं, झाप उचलून बाजूला करायचं आणि गेल्यावर जसं होतं तसं परत लावायचं. दुसऱ्या रविवारी सायकल घेऊन जा आणि जिथे भीती वाटेल तिथे उतरून ढकला. सहाव्या रविवारी बघा, जिथे ढकलत होता त्यातल्या अर्ध्या जागा बसून पार होतील. वाट तीच असल्यामुळे तुमच्या लेकीलाही तिच्यातला फरक दिसेल, आणि त्या वयात तो दिसणं फार मोलाचं असतं.

आता सायकल. चाळीस हजार आत्ता घालू नका. डोंगरातल्या सायकलिंगचा हा खेळ जन्मलाच जुन्या सायकलींवर. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मारिन भागातली काही तरुण मंडळी जुन्या, जड सायकली टेकडीवर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडायची. १९७६ मध्ये तिथे त्यांनी शर्यती सुरू केल्या. त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडलं, कारण मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असलेला ब्रेक एका उतरणीत इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा भरावं लागायचं. पुढे वीस वर्षांत, १९९६ ला, हाच खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. तुमची २१ गिअरची सायकल त्या सायकलींपेक्षा खूप बरी आहे.

मात्र आठ वर्षं गच्चीवरच्या उन्हात पडलेली सायकल तशीच बाहेर काढू नका. टायरची कड अंगठ्याने दाबून बघा. बारीक तडे दिसले की टायर गेला, नक्षी कितीही नवी दिसो. ब्रेकची रबरं कडक झाली असतील तर बदला, ब्रेक-गिअरच्या वायरी सगळ्याच बदलून घ्या. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट लागली तर तिथली बेअरिंग ढिली आहे, ती मिस्तरीकडून कसून घ्या. नव्या टायरची रुंदी दोन इंचांच्या आसपास ठेवा आणि ट्यूब जाड वॉल्व्हची घ्या, मोटारसायकलला असते तशी. पातळ वॉल्व्हची हवा आपल्या गावच्या पंक्चरवाल्याकडे भरता येत नाही. पुढे वर्षभराने हौस टिकली आणि नवी घ्यावीशी वाटली, तर फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली घ्या. स्वस्तात पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकली दिसायला दणकट असतात, पण जड असतात आणि चढावर जीव काढतात.

लेकीची सायकल मात्र तिच्या मापाचीच हवी. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका, कपड्यांचा हिशेब सायकलला लावू नये. सायकलची दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन उभी राहिली तर दांडी आणि अंग यांत चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे. आणि एक गोष्ट बहुतेक बापांच्या नजरेतून सुटते. तिची बोटं लहान असतात, ब्रेकचा दांडा लांब पडतो. मग ती संपूर्ण पंजा हँडलवरून सोडून ब्रेक ओढते आणि नेमक्या त्याच क्षणी हँडल हातातून सुटतं. ब्रेकच्या दांड्याच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. तर्जनी किंवा फार तर दोन बोटं सहज पोचतील एवढा आणून द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पोरीचा अर्धा धीर त्यातून येतो.

वहिनी काट्यांचं म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. मराठवाड्यात सायकलचा खरा वैरी साप नाही, सराटा आहे. जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या बारक्या फुलांची ती वेल तुम्ही रोज बघत असाल. पावसाळा सरला की फळं सुकून फुटतात. त्यातलं एक बी तळहातावर घेऊन बघा. दोन लांब टोकं, दोन आखूड, आणि कसंही टाका, एक टोक वर उभं राहतंच. टायरमध्ये घुसल्यावर हवा लगेच जात नाही, कारण काट्यानेच भोक बुजवलेलं असतं. घरी येऊन तुम्ही काटा उपटता आणि मग फुस्स होतं.

पंक्चर काढायला दोघांनीही शिका, घरीच, ओट्यावर बसून. दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टायरची एक बाजू रिमबाहेर काढा, ट्यूब काढून हवा भरा आणि ओठांजवळ धरून हळूहळू फिरवा. बारीक झुळूक लागेल तिथे भोक. आता सगळ्यात महत्त्वाचं. ठिगळ लावलेली किंवा नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून एक सुती चिंधी गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक अजून बसलेलं आहे. ते बाहेरून दिसत नाही, बोटाला कधी लागतं, कधी लागत नाही, चिंधीला मात्र सापडतंच. छत्रपती संभाजीनगरजवळ सातारा डोंगराच्या पायथ्याला मी एकदा हे न करता घाईने नवी ट्यूब घातली. दोनशे मीटरवर ती गेली, जवळची दुसरीही तशीच गेली, आणि सात किलोमीटर सायकल ढकलत आलो. तेव्हापासून चिंधी माझ्या पिशवीत पंपाच्याही वर असते. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव मिळतं, तेही भरून घ्या, बरेच काटे त्यावर निभावतात. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर गवताच्या कडेने सायकल घालू नका, चाकोरीच्या मधोमध राहा.

हवा किती भरायची? पंक्चरवाला सवयीने दगडासारखी कडक करून देतो. रस्त्यावर ते ठीक, पण गोट्यांवर असं चाक चेंडूसारखं उसळतं आणि घसरतं. मोठ्या माणसाला तीस ते पस्तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) दरम्यान, लेकीला त्याहून पाचेक कमी. फारच कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली की समजा, काटा नव्हता, हवा कमी होती.

चालवण्याचं तंत्र लिहून सगळं येत नाही, पण ब्रेकचं लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. कुठला हात कुठल्या चाकाचा ब्रेक ओढतो ते आधी बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा हात पुढच्या चाकाचा असतो, पण मिस्तरीने वायरी उलटसुलट जोडल्याच्याही सायकली मी पाहिल्यात. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, आणि तोंडावर आपटवण्याचीही. सुट्या मुरमाच्या उतारावर मी एकदा घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला. चाक जागीच अडकलं, बाजूला सरकलं आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. हासळी मोडली, सहा आठवडे हात गळ्यात. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा, उतारावर दोन्ही ब्रेक हलके, धरत-सोडत वापरायचे, आणि वळणात ब्रेक नाही. सीटवरून जरा उठा, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, कोपर-गुडघे सैल, कंबर मागे. नजर चाकासमोरच्या दगडावर नको, दहा-पंधरा पावलं पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्यावरच सायकल जाते, हे पहिल्याच दिवशी कळेल. चढावर गिअर आधीच हलका करा. चढात अडकल्यावर जोर लावून बदलला तर चेन कडकडते, कधी तुटते. २१ गिअरचा घोळ वाटत असेल तर पुढची चकती मधल्यावर ठेवा आणि नुसत्या उजव्या हाताने मागचे बदलत राहा. सपाटीला लेक पुढे, म्हणजे ती तुमच्या डोळ्यांसमोर राहील. उताराला तुम्ही पुढे, मधे वीस पावलांचं अंतर.

हेल्मेट दोघांनाही, पांदणीतसुद्धा. मोटारसायकलचं नको, त्यात डोकं शिजतं. सायकलचं घ्या, आत ‘EN 1078’ अशी सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकाची खूण छापलेली असते ती बघून. हातमोजे घ्या, पडताना पहिले तळहातच टेकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांचं वेळेवर झालंय का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

वेळेचं सांगायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. उजाडल्यावर निघा, अंधारात नको, बिबट्याचा आणि रानडुकरांचा वावर संधिप्रकाशात जास्त असतो. मार्चपासून नऊच्या आत घरी. माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. पावसानंतर मुरमाची वाट दोन दिवसांत वाळते, काळ्या मातीची वाळत नाही. तिच्यात दहा पावलांत चाक आणि ते धरणाऱ्या फोर्कमधली जागा चिखलाने भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि चाकाने पडलेल्या चरांतून पुढच्या पावसाचं पाणी शेतकऱ्याची वाट धुऊन नेतं. अशा दिवसांत जाऊ नका. साखरेचं म्हणाल तर चालवताना लेकीशी बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता धाप लागली की वेग जास्त झाला. गोळी सुरू झाली तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि तोवरही खिशात गूळ-शेंगदाणे असू द्या.

सापाची गोष्ट थोडक्यात. वाटेच्या मधोमध राहिलात, दगडाखाली हात घातला नाही, गवतात बसला नाहीत, तर फुरसं-घोणस तुमच्या वाट्याला जात नाही. तरी चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलवायचा नाही, १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय. धनगरांच्या कळपाची कुत्री जास्त वेळा भेटतील. पळू नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा आणि मेंढक्याला रामराम घाला. गुरं, बैलगाडी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोर आली की थांबायचं आपण. ती वाट त्यांच्या कामाची आहे, आपण हौसेने आलोय. लेकीला हे पहिल्याच दिवशी शिकवा.

पांदण पाठ झाली, हिवाळा निम्मा सरला आणि तिला झाडी हवीच असेल, तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, अभयारण्याबाहेर गावकरी कुठल्या वाटेने ये-जा करतात आणि तिथे सायकलला हरकत आहे का. कुठे बिबट्या फिरतोय, कुठे आग्या मोहोळ लागलंय, हे वनरक्षकाला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुणालाच नसतं. उन्हाळ्यात वणव्याचे दिवस असतात, तेव्हा तो नको म्हणाला तर वाद घालू नका. १९२६ हा वन विभागाचा नंबर फोनमध्ये ठेवा.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही शेवटी आणि चाचरत लिहिलंय. पहिले दोन रविवार चौकातले लोक विचारतील, ‘काय शेठ, गाडी विकली का?’ विचारू द्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांच्यातलाच एखादा, ज्याची साखर तुमच्याहून जास्त आहे, बाजूला घेऊन विचारेल की सायकल केवढ्याला पडते. लाज वाटेल म्हणून आडबाजूने, अंधारात निघू नका. लेक बघत असते.

वहिनींसाठी एक काम करा. निघण्याआधी एका कागदावर लिहून द्या: कुठल्या गावची पांदण, कुठून शिरणार, कुठे निघणार, किती वाजता घरी. त्या शिवारातल्या ओळखीच्या शेतकऱ्याचा नंबर त्याच कागदावर. साडेआठला येतो लिहिलं तर साडेआठला या. उशीर होणार असेल तर फोन लागेल अशा उंचवट्यावर थांबून आधी कळवा. आणि पहिल्या पायी फेरीला त्यांनाही न्या. वाट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असली म्हणजे तुम्ही ‘ओढ्यापाशी आहोत’ म्हणालात की त्यांना तो ओढा दिसेल.